मुलाचा वाढदिवस कोणत्या महिन्यात येतो, यावर टीममधली त्याची जागा ठरते का?

रविवारी सकाळी सातला मुंबईचं शिवाजी पार्क असो, आझाद मैदान असो की पुण्या-नाशिकमधलं एखादं छोटं मैदान, चित्र साधारण सारखंच असतं. कोचिंगला आलेली मुलं एकाच वयोगटातली असतात. तरी एखाद्याची किट बॅग त्याच्या कमरेच्या वर पोहोचते आणि त्याच्याच शेजारी उभ्या असलेल्या मुलाला मिसरूड फुटायला लागलेलं असतं. कडेला पालक पाण्याच्या बाटल्या आणि डबे घेऊन बसलेले असतात. टीम जाहीर होते, थोराड दिसणाऱ्या मुलांची नावं आधी येतात आणि स्कूटरवर मागे बसून घरी निघालेला एखादा मुलगा गप्प असतो.

घरी चर्चा सुरू होते. याच्यात गुणवत्ता कमी आहे का? कोच बदलायचा का? खेळ सोडून अभ्यासाकडेच लक्ष द्यायचं का?

या प्रश्नांच्या आधी विचारायला हवा असा एक प्रश्न आहे: मुलाचा वाढदिवस कधी असतो? खेळाच्या अभ्यासकांनी गेली चाळीस वर्षं या प्रश्नावर काम केलं आहे आणि त्यातून निघालेलं उत्तर अनेक पालकांना दिलासा देणारं आहे.

‘रिलेटिव्ह एज इफेक्ट’ म्हणजे काय?

मुलांचे खेळ वयोगटांत होतात: १२ वर्षांखालील, १४ वर्षांखालील, १६ वर्षांखालील. प्रत्येक गटासाठी एक कट-ऑफ तारीख असते. त्या तारखेनंतर लगेच जन्मलेलं मूल गटात सर्वांत मोठं ठरतं आणि पुढच्या वर्षी त्याच तारखेच्या जरा आधी जन्मलेलं मूल सर्वांत लहान. या फरकामुळे मोठ्या मुलांना निवडीत जो फायदा मिळतो, त्याला रिलेटिव्ह एज इफेक्ट, म्हणजे तुलनात्मक वयाचा परिणाम, असं म्हणतात.

उदाहरण घेऊ. समजा, १२ वर्षांखालच्या गटाची कट-ऑफ तारीख १ सप्टेंबर आहे. एका मुलाचा जन्म ५ सप्टेंबर २०१३चा आणि दुसऱ्याचा २५ ऑगस्ट २०१४चा. १ सप्टेंबर २०२५ला दोघंही ११ वर्षांचेच, दोघंही एकाच गटात. प्रत्यक्षात पहिला मुलगा दुसऱ्यापेक्षा ३५४ दिवसांनी मोठा आहे.

पंचवीस वर्षांच्या दोन खेळाडूंमध्ये एका वर्षाचा फरक असला, तर कुणाच्या लक्षातही येत नाही. अकराव्या वर्षी मात्र एक वर्ष म्हणजे आतापर्यंतच्या आयुष्याचा जवळपास दहावा हिस्सा. या वयात मुलं वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतात. त्यासोबत वजन, ताकद, धावण्याचा वेग, लक्ष टिकवण्याची क्षमता आणि सूचना समजून घेण्याची क्षमताही वाढते. चेंडू सीमेपार जाणं आणि तीस यार्डांच्या वर्तुळात झेल जाणं, यातला फरक कित्येकदा एवढाच असतो.

हे कुणाच्या लक्षात आलं?

गोष्ट कॅनडातली आहे. १९८०च्या दशकात लेथब्रिज शहरात मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली कुटुंबासोबत आइस हॉकीचा सामना पाहत होते. त्यांच्या पत्नी पॉला यांनी सामन्याच्या माहितीपत्रकात खेळाडूंच्या जन्मतारखा वाचल्या आणि बहुतेकांचे वाढदिवस जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चमध्ये असल्याचं त्यांना दिसलं. कॅनडातल्या मुलांच्या हॉकीची कट-ऑफ तारीख १ जानेवारी होती. बार्न्सली यांनी इतर संघांच्या याद्या तपासल्या, तर तिथेही तेच. त्यांचा शोधनिबंध १९८५ साली प्रसिद्ध झाला. माल्कम ग्लॅडवेल यांच्या ‘आउटलायर्स’ या २००८मधल्या पुस्तकामुळे ही गोष्ट जगभर पोहोचली.

आता यावर एक शंका येऊ शकते. जानेवारीत जन्मलेल्या मुलांमध्येच काही वेगळं असेल का? हवामान, ऋतू किंवा ग्रहतारे?

याचं उत्तर बेल्जियममधून मिळालं. तिथल्या फुटबॉल संघटनेने १९९७मध्ये तरुण खेळाडूंची कट-ऑफ तारीख १ ऑगस्टवरून १ जानेवारी केली. संशोधकांनी त्याआधीच्या आणि नंतरच्या याद्या तपासल्या. पूर्वी ऑगस्टनंतरच्या महिन्यांत जन्मलेली मुलं ‘गुणवान’ म्हणून निवडली जात होती. नियम बदलताच ही गर्दी जानेवारीनंतरच्या महिन्यांकडे सरकली. मुलं तीच, देश तोच, बदलली ती फक्त तारीख.

२००९मध्ये १६ देशांतल्या १४ खेळांवरच्या ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यातही हा परिणाम ठळकपणे दिसला. कुमारवयात आणि निवडीची चुरस मोठी असते अशा प्रातिनिधिक संघांमध्ये तो सर्वाधिक होता. मुलींच्या खेळातही तो आढळतो, पण सहसा मुलांइतका तीव्र नसतो. प्रौढांच्या खेळात तो कमी होतो.

एवढ्याशा फरकाने एवढं काय बिघडतं?

फक्त पहिली निवड चुकली असती तर फारसं बिघडलं नसतं. खरा परिणाम त्यानंतर सुरू होतो.

आठ-दहा महिन्यांनी मोठा असलेला मुलगा निवडला जातो. त्यामुळे त्याला चांगला कोच, चांगली खेळपट्टी, जास्त सामने आणि नेटमध्ये जास्त वेळ मिळतो. घरचेही उत्साहाने नवी बॅट घेतात. दोन वर्षांनी तो खरोखरच जास्त चांगला खेळायला लागलेला असतो. तेव्हा सगळ्यांना वाटतं, ‘पहिल्यापासूनच वेगळा होता हा!’

दुसरीकडे न निवडलेला मुलगा बाराव्या-तेराव्या नंबरवर राहतो. सामन्यात त्याच्या वाट्याला फिल्डिंग येते, नेटमध्ये सगळ्यांनंतर पाच मिनिटं. त्यालाही वाटू लागतं की आपल्याला जमत नाही. हळूहळू शनिवारी पोट दुखायला लागतं, रविवारी झोप उघडत नाही आणि एक दिवस किट बॅग माळ्यावर जाते. गटात लहान असलेली मुलं खेळ सोडण्याचं प्रमाण जास्त असल्याचं फ्रान्समधल्या फुटबॉलच्या अभ्यासात दिसलं आहे.

थोडक्यात, सुरुवातीला वयातून आलेला फरक पुढे सरावातून पक्का होत जातो.

प्रत्येक खेळात मात्र असं होत नाही. ताकद आणि उंचीला महत्त्व असलेल्या, शिवाय खेळायला खूप मुलं आणि जागा मोजक्याच अशा खेळांत परिणाम मोठा असतो. नेमबाजीसारख्या खेळात तो फारसा दिसत नाही. जिम्नॅस्टिक्समध्ये लहान चणीचा उलट फायदाच होऊ शकतो.

आपल्याकडे कोणती तारीख महत्त्वाची?

वेगवेगळ्या खेळांच्या तारखा वेगळ्या आहेत, त्यामुळे एकच मूल एका ठिकाणी ‘मोठं’ आणि दुसरीकडे ‘लहान’ असू शकतं.

• क्रिकेट: बीसीसीआयच्या वयोगट स्पर्धांसाठी १ सप्टेंबर ही तारीख धरली जाते. म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये जन्मलेली मुलं गटात मोठी आणि जून ते ऑगस्टमधली लहान.

• शालेय क्रीडा स्पर्धा: १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांसाठी कॅलेंडर वर्ष धरलं जातं. इथे जानेवारीतली मुलं मोठी, डिसेंबरमधली लहान.

• फुटबॉल आणि बॅडमिंटन: इथेही १ जानेवारीपासून मोजणी होते.

• शाळेतला वर्ग: महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबर हा ‘मानीव दिनांक’ आहे, म्हणजे त्या दिवशी मुलाची ६ वर्षं पूर्ण झालेली असायला हवीत. त्यामुळे वर्गातही जानेवारीतली मुलं सहसा मोठी असतात.

आता डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलीचं पाहा. वर्गात आणि शाळेच्या कबड्डी संघात ती सर्वांत लहान मुलींपैकी एक असेल, पण क्रिकेटच्या वयोगटात तिचा नंबर मोठ्यांमध्ये लागेल. ऑगस्टमधल्या मुलाचं उलटं: वर्गात तो मधल्या वयाचा, क्रिकेटमध्ये मात्र सर्वांत लहान. ‘अमुक खेळात चमकतो, तमुक खेळात मागे पडतो’ याचं एक कारण इथेही सापडू शकतं.

घरी वाढदिवस तिथीने करतात की तारखेने, याने काही फरक पडत नाही. औक्षण कधीही करा, टीमच्या फॉर्मवर जन्मदाखल्यावरची तारीखच चालते.

मग तारीखच बदलली तर?

महाराष्ट्रात दर १ जूनला सोशल मीडियावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा पूर येतो. पूर्वी घरी जन्मतारखेची नोंद नसायची. शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या, म्हणून मुलाचं नाव घालताना गुरुजी अंदाजाने वर्ष धरून १ जून ही तारीख लिहून टाकायचे. आज आजी-आजोबांच्या पिढीतल्या अनेकांच्या कागदावर हाच वाढदिवस आहे.

त्या तारखा सोयीसाठी लिहिलेल्या होत्या. आता काही पालक आणि प्रशिक्षक खेळात फायदा मिळावा म्हणून जाणूनबुजून मुलाचं वय कमी दाखवतात. यात नुकसान दोन मुलांचं होतं: ज्याची जागा जाते त्याचं आणि ज्याला लहानपणापासून खोटं बोलायला शिकवलं जातं त्याचंही. १९ वर्षांखालील भारतीय संघाचे प्रशिक्षक असताना राहुल द्रविड यांनी डिसेंबर २०१५मधल्या पतौडी स्मृती व्याख्यानात याच प्रश्नावर कठोर शब्दांत बोट ठेवलं होतं.

बीसीसीआय कनिष्ठ गटातल्या खेळाडूंच्या डाव्या हाताच्या आणि मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय तपासते. या पद्धतीला ‘टीडब्ल्यू-३’ म्हणतात. २०२०मध्ये बोर्डाने चुकीचं वय दिलेल्या खेळाडूंना स्वतःहून कबुली देण्याची संधी दिली आणि त्यानंतर पकडले गेल्यास दोन वर्षांच्या बंदीचा नियम जाहीर केला. दुसरीकडे, जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशासह अनेक कामांत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा असणार आहे. तारीख ‘लावून घेण्याची’ वाट त्यामुळे अरुंद होत आहे.

अभ्यासातही असंच होतं का?

काही प्रमाणात, हो. केली बेडार्ड आणि एलिझाबेथ ड्युई या अर्थतज्ज्ञांनी २००६मध्ये अनेक देशांतल्या विद्यार्थ्यांच्या गणित आणि विज्ञानाच्या गुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चौथीत वर्गातली सर्वांत लहान मुलं सर्वांत मोठ्या मुलांपेक्षा ४ ते १२ पर्सेंटाइलने मागे होती. आठवीत हा फरक २ ते ९ पर्सेंटाइल झाला. अंतर कमी झालं, पण पूर्ण मिटलं नाही.

म्हणून पहिली-दुसरीतल्या मुलाबद्दल ‘हा मंद आहे’, ‘हिचं लक्षच नसतं’ असं ठरवण्याआधी वर्गातल्या इतरांच्या तुलनेत ते मूल किती महिन्यांनी लहान आहे, हे पाहायला हवं.

जन्मतारीख सारखी असली तरी शरीर सारखं नसतं

कट-ऑफ तारीख हा गोष्टीचा एक भाग झाला. दुसरा भाग वयात येण्याचा. मुलींची उंची सर्वांत वेगाने साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास वाढते, मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास. पण ही सरासरी झाली. एकाच दिवशी जन्मलेल्या दोन मुलांपैकी एक जण लवकर वाढतो, दुसरा दोन-तीन वर्षांनी. तेराव्या वर्षी एकाचा आवाज फुटलेला असतो, दुसरा अजून बालवाडीतल्या फोटोसारखाच दिसतो. पुढे दोघांची उंची सारखीही होऊ शकते.

आपल्या देशी खेळांना ही गोष्ट पूर्वीपासून माहीत आहे. कुस्तीत वजनी गट असतात. कबड्डीच्या किशोर आणि कुमार गटांत वयाबरोबर वजनाचीही अट असते. क्रिकेट आणि फुटबॉलमध्ये मात्र फक्त जन्मतारीख पाहिली जाते.

मग वर्षाअखेरीस जन्मलेल्या मुलांनी काय आशाच सोडायची?

अजिबात नाही. सांगलीच्या स्मृती मानधनाचा जन्म १८ जुलैचा. आजच्या १ सप्टेंबरच्या हिशोबाने ही गटातली लहान मुलगी. तरी नवव्या वर्षी ती महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालच्या संघात होती. सुनील गावसकर १० जुलैचे, महेंद्रसिंग धोनी ७ जुलैचा. रिलेटिव्ह एज इफेक्ट हा हजारो मुलांच्या आकड्यांत दिसणारा कल आहे. एखाद्या मुलाचं भविष्य त्यावरून सांगता येत नाही.

एक गंमतही आहे. इंग्लंडमधल्या रग्बी अकादमीच्या अभ्यासात वर्षाअखेरीस जन्मलेली मुलं आत येताना कमी होती, पण आत आलेल्यांपैकी व्यावसायिक संघापर्यंत पोहोचण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त निघालं. अंगात ताकद कमी असल्याने या मुलांना तंत्र, अंदाज आणि चिकाटी यांवर भर द्यावा लागतो, असं त्यामागचं एक स्पष्टीकरण आहे. नंतर उंची सारखी झाली की ही शिदोरी कामी येते. अट एवढीच की तोपर्यंत ते मूल खेळात टिकलेलं असायला हवं.

इतर देशांनी काय केलं?

• नेदरलँड्समधला जर्सीचा प्रयोग: २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फुटबॉल खेळाडू निवडणाऱ्यांना मुलांच्या जन्मतारखा सांगितल्या, तरी मोठ्या मुलांकडचा कल गेला नाही. जर्सीचे नंबर वयाच्या क्रमाने दिले, तेव्हा तो नाहीसा झाला. वय डोळ्यांसमोर राहिलं की नजर बदलते.

• इंग्लंडमधलं बायो-बँडिंग: प्रीमियर लीगच्या अकादम्यांनी २०१५पासून काही स्पर्धांत मुलांचे गट जन्मवर्षाऐवजी शारीरिक वाढीनुसार करून पाहिले.

• बेल्जियमचे वेगळे संघ: उशिरा वाढणाऱ्या मुलांना संधी मिळावी म्हणून तिथे स्वतंत्र संघ तयार केले गेले.

• नॉर्वेचे बालक्रीडा नियम: मूल ११ वर्षांचं होण्याच्या वर्षापर्यंत स्पर्धेचे गुणतक्ते आणि क्रमवारी लावत नाहीत. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १३व्या वर्षापासून. याच देशाने २०२२च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णपदकं जिंकली, जो तेव्हाचा विक्रम होता.

पालकांनी काय करावं?

१. आधी तारीख विचारा. अकादमीत किंवा स्पर्धेत नाव घालताना कट-ऑफ तारीख कोणती, हे विचारून घ्या. त्या तारखेपासून मुलाचा वाढदिवस कितव्या महिन्यात येतो, ते मोजा. नववा ते बारावा महिना आला, तर तुमचं मूल गटातल्या लहान मुलांपैकी आहे.

२. तुलना मुलाच्या मागच्या वर्षाशी करा. दरवर्षी वाढदिवसाला उंची मोजून दारामागे पेन्सिलने खूण करायची सवय अनेक घरांत असते. त्याच दिवशी ‘मागच्या वर्षी काय जमत नव्हतं, आता काय जमतं’ हेही लिहून ठेवता येईल.

३. निवडीपेक्षा खेळायला किती मिळतं ते पाहा. मोठ्या अकादमीत राखीव बसण्यापेक्षा छोट्या क्लबमध्ये दर रविवारी बॅटिंग आणि बोलिंग मिळणं या वयात जास्त उपयोगाचं. कोचला ‘टीममध्ये का नाही घेतलं?’ असं विचारण्याऐवजी ‘महिनाभरात याला किती वेळ खेळायला मिळालं?’ असं विचारा.

४. एकाच खेळाला बांधू नका. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६मध्ये सल्ला दिला की एकाच खेळात पूर्ण वेळ झोकून देणं १५-१६ वर्षांपर्यंत पुढे ढकलावं. क्रिकेटसोबत पोहणं, मल्लखांब, खो-खो किंवा सोसायटीतला लगोरीचा खेळही चालेल.

५. सगळे रविवार मैदानाला देऊ नका. याच संस्थेच्या सल्ल्यानुसार मुलांना आठवड्यातून एक ते दोन दिवस ठरावीक खेळापासून सुट्टी हवी आणि वर्षात एकूण तीन महिने, एकेक महिना करून, त्या खेळाला विश्रांती हवी. हाडांची वाढ सुरू असताना त्याच त्या हालचालींचा ताण गुडघा, टाच, खांदा आणि पाठीवर येतो. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं अंगमेहनतीची हालचाल सुचवते. ती सिंहगड चढतानाही होते, समुद्रावर पळतानाही. मावसभावाच्या वाढदिवसासाठी एक प्रॅक्टिस चुकली, तर करिअर बुडत नाही.

६. मोठ्या महिन्यांतल्या मुलांनाही जपा. दहाव्या वर्षी सगळ्यांना मागे टाकणाऱ्या मुलाला चौदाव्या वर्षी इतर गाठतात, तेव्हा त्याला ‘माझं काहीतरी बिघडलं’ असं वाटतं. त्याचं कौतुक फक्त धावा आणि विकेट्सवर करू नका. सराव, तंत्र आणि सोबत्यांशी वागणं यांवरही करा.

७. वय खरंच सांगा. एका वर्षाच्या फायद्यासाठी बदललेला कागद पुढे पासपोर्ट, परीक्षा आणि नोकरीपर्यंत पाठलाग करतो.

थोडक्यात

दहा-बारा वर्षांच्या मुलाची निवड झाली नाही, याचा अर्थ त्या दिवशी, त्या गटात, इतर मुलं त्याच्यापुढे होती, एवढाच. त्यातला काही भाग कौशल्याचा असतो आणि काही भाग निव्वळ महिन्यांचा. कौशल्य सरावाने येतं आणि महिन्यांचा फरक वयाबरोबर आपोआप कमी होतो. या दोन्हींसाठी वेळ लागतो. तोवर त्या मुलाला पुढच्या रविवारीही मैदानावर जावंसं वाटत राहील, हे पाहणं पालक आणि कोच यांच्या हातात आहे.